कौसल्याताई, तुमची वही खरी होती

ताई,

तुमच्या शोकसभेत मी जे बोलले ते तुमच्या कानावर पडलं नाही, हे एका परीनं बरं झालं. ‘ताई फार मायाळू होत्या, पुस्तकांवर त्यांचं लेकरासारखं प्रेम होतं,’ असलं काहीबाही बोलले मी. खरं तर घरून वेगळंच ठरवून निघाले होते. रिक्षात दोनदा मनात घोकलं होतं. पण तुमच्या जुन्या वाचकांपैकी सोनवणेभाऊंनी माझी ओळख करून दिली, “ह्या मॅडम आपल्या वाचनालयाच्या लई जुन्या हितचिंतक,” आणि सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघून माना डोलावल्या. त्या माना बघितल्या आणि घोकलेलं सगळं बाजूला ठेवलं. मी तुमच्या मायेवर पाच मिनिटं बोलले, डोळे पुसले आणि खाली बसले. डोळे खोटे नव्हते, एवढंच म्हणू शकते.

मग सोनवणेभाऊ म्हणाले, ताईंच्या फोटोशेजारी फलकावर लावायला चार ओळी लिहून द्या. “तुमी लिवता झकास, मॅडम.” लिहिते खरी झकास. माझ्या झकास लिहिण्यामुळंच तुमचं काळेवाडीचं वाचनालय ‘ब’ वर्गातून ‘क’ वर्गात घसरलं. हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. तेव्हा त्या चार ओळी राहू देत, मी तुम्हालाच लिहिते.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत असणार. सरकार सार्वजनिक वाचनालयांना वर्गवारीनुसार अनुदान देतं, ते अनुदान सत्कारणी लागतं की नाही याचं मूल्यमापन करायचं काम आमच्या संस्थेकडे आलं होतं. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतची वाचनालयं माझ्या वाट्याला आली. पत्र पाठवून, तारीख ठरवून मी तुमच्याकडे आले. दाराशी रांगोळी होती. आत दोन खोल्या, लोखंडी घोडे, त्यावर खाकी कव्हर घातलेली पुस्तकं, आणि माणूस म्हणाल तर तुम्ही एकट्या. तुमची मदतनीस बाईसुद्धा नव्हती. मी विचारलं, “वाचक?” तुम्ही म्हणालात, “आज गुरुवार न्हाई का मॅडम. आज सुट्टी असती. तुमचं पत्र आलं म्हनून उघडलं.”

मी वहीत लिहिलं : ‘भेटीच्या वेळी एकही वाचक उपस्थित नव्हता. ग्रंथपालांनी सुट्टीची सबब सांगितली.’

सबब! ताई, मी पिंपळे सौदागरला राहते. तुमच्या वाचनालयापासून रिक्षानं पंधरा मिनिटं. आमच्या सोसायटीत सगळे संगणकवाले, सगळ्यांना सुट्टी शनिवार-रविवार. या पट्ट्यातले कारखाने गुरुवारी बंद असतात, हे मला बारा वर्षं इथं राहून ठाऊक नव्हतं. गुरुवारी इथली दुकानं बंद का असतात हा प्रश्नसुद्धा मला कधी पडला नाही. मी फक्त वैतागत आले. आणि अशा बाईला तुमच्या परिसराचं वाचन तपासायला पाठवलं होतं.

मग मी देवघेवीची वही मागितली. आता इथे माझी एक फुशारकी सांगायला हवी. खोटी वही ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही अशी माझी ख्याती होती. अनुदानापुरती उघडणारी वाचनालयं मी भरपूर बघितली होती. तपासणीची तारीख कळली की एका बैठकीत वर्षाची वही लिहून काढायची, शेजारच्या गावाहून पुस्तकं आणून कपाटं भरायची, हे सगळे खेळ मला पाठ. माझी कसोटी साधी होती. खरी वही मळकी असते. दहा पेनं, वीस अक्षरं, कुठे चहाचा डाग, कुठे पान दुमडलेलं. खोटी वही स्वच्छ असते, एका हाताची, एका शाईची. नव्या मुलींना मी हेच शिकवायचे आणि त्या भारावून ऐकायच्या.

तुमची वही लख्ख होती. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एक अक्षर, एक निळी शाई, सह्यांच्या रकान्यातही तेच अक्षर. मी पानं भराभर उलटली आणि मनात म्हटलं, सापडली. तुम्हाला काही विचारलंसुद्धा नाही. चोराला काय विचारायचं, असा माझा खाक्या. पानाचा फोटो काढला, तुम्ही पुढं केलेला लाडू खाल्ला आणि निघाले. अहवालात लिहिलं : ‘नोंदी विश्वासार्ह नाहीत. सर्व सह्या एकाच व्यक्तीच्या हस्ताक्षरात असून वाचकसंख्या फुगवून दाखवल्याचा दाट संशय आहे.’ वाक्य चांगलं जमलं म्हणून मला बरं वाटल्याचं आठवतं.

इथपर्यंत ही चूक होती. चुकीची मला लाज वाटते, पण तिच्यासाठी मी हे लिहायला बसले नसते.

महिन्याभरानं मी पुन्हा आले. वाचनालयाच्या घटनेची, म्हणजे नियमावलीची, प्रत फाइलीत लावायची राहिली होती, तेवढी घ्यायला. मंगळवार होता, दुपारचे साडेचार. मी दाराशी पोचते तोच चाकणहून येणारी कंपनीची बस फाट्यावर थांबली आणि पहिल्या पाळीची माणसं उतरली. सरळ घरी जाणारी गेली, उरलेली तुमच्या दाराकडे आली. आत कुणी शिरलं नाही. उंबऱ्याबाहेर रांग लावून उभी राहिली, हात पाठीमागे. मला वाटलं काहीतरी मागायला आलेत. पुढं सोनवणेभाऊ होते. तेव्हा मला त्यांचं नाव माहीत नव्हतं, लेथवर काम करणारा एक दणकट माणूस एवढंच दिसलं. ते म्हणाले, “ताई, ते मागल्या टायमाचं पिशवीत हाय, काढून घ्या. आन् त्याचा दुसरा भाग लिवा माज्या नावावर. हात घाण हायेत.”

आणि तुम्ही उठलात. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीतून जेवणाच्या डब्याच्या खालचं पुस्तक स्वतः काढलंत. ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. दुसरं पुस्तक तसंच गुंडाळून पिशवीत ठेवलंत. मग वही उघडून त्यांचं नाव लिहिलंत आणि सहीच्या रकान्यात पुन्हा तेच नाव. “पुढचा,” म्हणालात. पुढचा माणूस हनुवटीनं कपाटाकडे खूण करून म्हणाला, “ते वरचं, लाल पाठीचं.” अशी सगळी रांग. कुणी कशाला हात लावला नाही. नखांत काळं ऑइल, बोटांच्या पेरांत काळं ऑइल. कंपनीत धुतात ते, पण बस सुटायच्या आत कितीसं धुणार.

मी खांबाला टेकून उभी होते. रांग संपल्यावर तुम्ही मला बसायला खुर्ची दिलीत आणि आपण होऊन सांगितलंत, जणू मी विचारलंच होतं. आधी सगळे स्वतःच सही करायचे. पानांवर काळे ठसे उमटायचे. एका वर्षीच्या तपासणीत एका साहेबांनी शेरा मारला, नोंदवही अस्वच्छ आहे, नीटनेटकी ठेवावी. “तवापासून म्या म्हनलं, तुमी हात लावू नका, मी लिवते. आता बगा, येक डाग सापडनार न्हाई.” तुम्ही वही माझ्यापुढं धरलीत. शाबासकीच्या अपेक्षेनं धरलीत, ताई. मला ते दिसलं.

अहवाल त्या दिवशी माझ्या टेबलावर होता. जायला आठ दिवस अवकाश होता. एक ओळ खोडून दुसरी लिहायला पाच मिनिटं लागली असती. मी ती खोडली नाही.

का, ते सांगते. सारवासारव करत नाही. तुमच्या वहीच्या पानाचा फोटो माझ्या सादरीकरणात मध्यभागी होता. ‘अतिस्वच्छ नोंदवही हे गैरव्यवहाराचं लक्षण’ हा माझा मुद्दा वरिष्ठांना इतका आवडला होता की पुढच्या तपासण्यांच्या नमुन्यात तो घालायचं चाललं होतं, माझ्या नावानिशी. तुमची वही खरी म्हटलं तर माझी कसोटी खोटी ठरत होती. मग मी बघितलेल्या बाकीच्या वह्यांचं काय, हा प्रश्न आला असता. तो मला नको होता. मी स्वतःला समजावलं, की एका वाचनालयानं असा काय फरक पडतो, आणि निर्णय काही मी घेत नाही, वर घेतात. सादरीकरण उत्तम झालं. लोक उठून हात मिळवायला आले.

पत्र तुमच्याकडे यायला पाच-सहा महिने गेले. तोवर मी तुमच्याकडे येऊ लागले होते. कधी जुनी मासिकं घेऊन, कधी नुसतीच. अपराधी माणसाला जागेची ओढ असते असं म्हणतात ते पोलिसांच्या गोष्टींत. माझं तसंच झालं, पण पुढं पुढं मला खरंच यावंसं वाटायचं. तुम्ही लातूरकडच्या, बोलणं अजून तिकडचंच. यजमान वारल्यावर वाचनालय हेच घर केलेलं. तुमची शेंगदाण्याची चटणी मी डब्यात भरून न्यायचे. तुम्हाला प्रत्येक वाचकाची खोड पाठ. हा आधी शेवट वाचतो, तो गुप्तहेरांशिवाय काही घेत नाही, त्या अमक्याला रडकं पुस्तक देऊ नका, त्याची आई आजारी आहे. माझीही खोड तुम्ही ओळखलीत. “मॅडम, तुमाला चुका काडायला येतील असलीच पुस्तकं आवडत्यात,” म्हणून तुम्ही हसलात आणि पुढच्या वेळी एक जाडजूड कादंबरी माझ्या पर्समध्ये खुपसलीत. तीत मला एकही चूक काढता आली नाही. वाचनाची जी काही गोडी मला आहे ती तुमच्यामुळं लागली. त्याआधी मी पुस्तकं फक्त मोजत होते.

त्याच काळात आपला तो वाद सुरू झाला. तुमचं म्हणणं, एक माणूस पुस्तक नेतो, ते घरात बायको वाचते, खोलीतला जोडीदार वाचतो, मग ते तुमच्या कुठल्या रकान्यात? मी म्हणायचे, ताई, असं प्रत्येकजण म्हणायला लागला तर सरकारनं खरं कोण न् खोटं कोण हे ओळखायचं कसं? पाटी लावून कुलूप घालणारेही तेच म्हणतात. यावर तुम्ही म्हणालात, “मोजू नका म्हनत न्हाई मी. मोजाच. पर यिऊन बसा की चार दिस. उभ्या उभ्या मोजून कळतंय व्हय?” चार दिवस प्रत्येक वाचनालयात बसायला वेळ कुठून आणायचा, असं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, “मग आमच्या जल्माचा निकाल लावायला येळ कुटून आनता?” मी विषय बदलला. त्या वादात माझंही थोडं खरं होतं, ताई, अजून वाटतं. पण तुमच्या बाबतीत ते खरं वापरायचा हक्क मी घालवून बसले होते.

मग पत्र आलं. तुम्ही ते माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. मी आल्यावर चष्मा लावून बोट ठेवत वाचलंत आणि विचारलंत, “नोंदी विश्वासार्ह न्हाईत, म्हंजी काय ओ मॅडम? माजी वही खोटी हाय असं म्हनतायत का?”

तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी पत्राकडे बघत म्हटलं, “सरकारी भाषा असते हो ती. सगळ्यांना तसंच लिहितात. मनावर घेऊ नका.”

तुम्ही पत्राची घडी केलीत आणि म्हणालात, “बरं.”

वर्ग उतरला, मदतनिसाची जागा गेली. ती बाई सकाळी साडेसातला उघडायची, रात्रपाळीहून परतणाऱ्यांसाठी. आता सकाळही तुम्हीच, संध्याकाळही तुम्हीच. तुमचं दुखणं जुनं होतं असं डॉक्टर म्हणाले, तेवढं माझ्या नावावर नाही. पण दुखणं असलेली बाई दिवसातून दोनदा शटर वर करत होती, ते आहे.

आणि सगळ्या सह्या एकाच हाताच्या आहेत हेही पत्रात होतं, म्हणून तुम्ही दाराशी पाण्याची बादली ठेवलीत. साबण, एक जुना टॉवेल. “हात धुवा, सही करा, मग पुस्तक.” आठ-दहा तास मशीनवर उभं राहून आलेली माणसं. पाच-सहा दिवस धुतले हात. मग एक एक जण फाट्यावरून सरळ घरी जायला लागला. तरी ऑइल कुठलं जायला, पानांवर ठसे उमटायचेच. एके दिवशी तुम्ही ती नवी वही मला दाखवलीत. वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळी पेनं, काळे अंगठे. “आता बगा. वाचक कमी झालं, पर वही खरी दिसती का न्हाई?”

मी “हो” म्हटलं. त्याहून वाईट शब्द मी आयुष्यात उच्चारला नसेल.

शोकसभेनंतर चार दिवस मी नीट जेवले नाही. पाचव्या दिवशी अर्ज लिहिला, की या वाचनालयाबाबतचा माझा अभिप्राय चुकीचा होता, तो चुकीचा असल्याचं मला अहवाल सादर करण्यापूर्वी कळलं होतं, तरी मी तो बदलला नाही, सबब फेरतपासणी करावी. अर्ज घेऊन स्वतः सरकारच्या ग्रंथालय कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला आणि दार लोटून घेतलं. “मॅडम, हे लेखी कशाला देताय? तोंडी सांगा, बघू काहीतरी.” मी म्हटलं, लेखी केलंय ते लेखीच मोडायला हवं. त्यांनी अर्ज घेतला, आवक क्रमांक दिला. फेरतपासणी होईल असं वाटतं, वर्ग परत मिळेल का ते माहीत नाही. तुमच्या जागी आता पेन्शनीत निघालेले सोनवणेभाऊच बसतात, विनापगारी. पुढच्या मूल्यमापनात मी नसेन. तसं मी आमच्या संस्थेत कळवलंय, कारणासकट. स्वच्छ वहीची ती कसोटी नमुन्यातून काढा असंही लिहिलंय. आता ऑफिसात माझ्याशी जरा जपून बोलतात.

सोनवणेभाऊंना काल हे सगळं सांगितलं, आणि चार ओळींऐवजी हेच लिहून फलकावर लावू का असं विचारलं. ते ऐकत असताना पुस्तकं पुसत होते. माझं झाल्यावर म्हणाले, “ताई जित्या व्हत्या तवा सांगायचं व्हतं की वो.” त्यांनी पुढचं पुस्तक उचललं. “बरं, लिवा. लावू फलकावर. पर आमच्यातले जे सुटले ते सुटलेच. शिंदे आता मोबाइलच बगतो दिसभर. त्यो आदी हप्त्याला दोन पुस्तकं संपवायचा.” त्यांनी मला माफ केलं नाही. फडकं झटकलं आणि पुढच्या घोड्याकडे वळले.

राहिली तुमची वैशाली. हे फलकावर लागण्याआधी लेकीला माझ्या तोंडून कळावं म्हणून आज सकाळी मारुंजीला तिच्या घरी गेले. मी बसले, पाणी प्यायले आणि म्हटलं, “वैशाली, वाचनालयाचा वर्ग उतरला तो माझ्यामुळं. तो शेरा मीच लिहिला होता.”

ती कपडे वाळत घालत होती. वळली आणि म्हणाली, “आईला माहिती होतं, मॅडम.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“तपासायला तुम्हीच एकट्या आला होतात ना. मग दुसरं कोण लिहिणार? पत्र आलं त्याच दिवशी आई म्हणाली, मॅडमनीच लिवलंय. मी चिडले होते. म्हटलं, पुढच्या वेळी आल्या की तोंडावर विचार. तर म्हणाली, येकदा विचारनार. न्हाई सांगितलं तर पुन्ना न्हाई विचारनार. येऊ दे त्यांना. येनाऱ्या मानसाला सांगायचं असतंय, म्हनून येतंय. सांगतील.”

तिनं चिमटा लावला, दुसरा उचलला. “तुम्ही येऊन गेलात की मी फोनवर विचारायचे, आज सांगितलं का? आई म्हणायची, आज न्हाई.”

तीन वर्षं, ताई. तीन वर्षं दर पंधरा दिवसांनी मी पायऱ्या चढून यायचे, खुर्ची ओढायचे, तुमची चटणी न्यायचे, आणि घरी जाताना मनात म्हणायचे, चला, आज म्हातारीला तेवढीच सोबत झाली. आणि तुम्ही दर खेपेला माझ्या तोंडाकडे बघत बसलेल्या असायचात, आज तरी ही सांगते का म्हणून.